जाळीतलं खरकटं

मी भांड्यांचा व्यापारी आहे. ताट बोटानं वाजवून, तांब्या कानाशी धरून, गंज-पातेल्याचा काठ अंगठ्यानं चाचपून पाहिल्याशिवाय मी आजवर कोणाचा शब्द खरा मानलेला नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात हातगाडी ढकलण्यापासून सुरुवात केली, पुढे दुकान स्वतःच्या नावावर केलं, आणि या सगळ्या काळात दाराला एकदाही लिंबू-मिरची टांगली नाही. शेजारचे दुकानदार टांगत. मी म्हणायचो, तेवढ्या लिंबाचं सरबत करून गिऱ्हाइकाला पाजा, जास्त फायदा होईल. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते कोण्या भोळ्या माणसाचं लिखाण आहे असं समजू नका.

आणखी एक. आमच्या गल्लीच्या टोकाला एक डॉक्टर राहतात. नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्यांची फुकट जाहिरात होईल. ते आजही लोकांना सांगतात की शेठनं मशीनचा सौदा मोडायला भुताची गोष्ट रचली. मी आयुष्यभर भाव पाडले, हे खरं आहे. पण तोंडानं पाडले, सगळ्यांच्या समोर पाडले. हातचलाखी करून नाही! हा आरोप माझ्या घशात अजून अडकलेला आहे. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहून काढतो. ज्याला डोकं आहे त्यानं ते चालवावं.

साल चौऱ्याऐंशी. प्रताप नगरातलं आमचं घर तेव्हा नवीनच होतं. मागे अंगण, अंगणात डाळिंबाचं झाड. स्वयंपाकघर मागच्या बाजूला. ओट्याच्या उजव्या हाताला नळ आणि मोरी, आणि मोरीतून एक पाइप भिंतीबाहेर अंगणातल्या उघड्या नालीत. पाइपाचं नीट लक्षात ठेवा, कारण सगळे शहाणे पहिली शंका पाइपावरच घेतात.

घरात आम्ही चौघं. मी, माझी बायको कमल, मुलगा सुरेश — तो बँकेत — आणि सून नीला. कमल महानुभाव घरातली. आमच्या घरात मांस-मच्छी सोडा, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आणि नीला होती रत्नागिरीकडची. सुरेशची बदली तिकडे झाली होती, तेव्हा दोघांनी परस्परच ठरवलं. कमलनं लग्न लावून दिलं, हळद लावली, सगळं केलं... पण 'मासे खाणाऱ्याची पोरगी' हा काटा तिच्या मनातून निघाला नव्हता. नीलानं आमच्या घरी आल्यापासून मासा हा शब्दही उच्चारला नव्हता. कमल म्हणायची, "बोलत नाही म्हणजे मनात आहे."

आता मशीन. डॉक्टर बरीच वर्षं अमेरिकेत राहून परत आले होते. येताना त्यांनी डबे भरभरून सामान आणलं, त्यात भांडी धुवायची एक मशीन होती. डिशवॉशर. आपल्या गोदरेजच्या कपाटाच्या निम्म्या उंचीची, बदामी रंगाची, खाली चाकं. त्यांच्या घरी ती व्हरांड्यात चादरीखाली पडून होती. त्यांना विकायची होती, आणि मला ती हवी होती. काहून? कारण मी धंदेवाला आहे. उद्या घरोघरी अशा मशीन आल्या तर पितळ कोण घेईल, कल्हई कोण लावेल? कोणतं भांडं यात टिकतं, कोणतं काळं पडतं, हे मला इतवारीतल्या बाकीच्यांच्या आधी कळायला पाहिजे होतं.

डॉक्टर म्हणाले, "शेठजी, अगदी ब्रँड न्यू आहे. एकदाही वापरलेलं नाही."

मी तिच्या पत्र्यावर टिचकी मारली. "डॉक्टरसाहेब, न वापरलेल्या वस्तूचा भाव चढा असते, हे मले समजते. पण वापरताच न येणाऱ्या वस्तूचा?"

ते हसले नाहीत. पण बऱ्याच घासाघिशीनंतर सौदा मला हव्या त्या आकड्यावर झाला. तेव्हापासूनच ते माझ्यावर खार खाऊन होते असं माझं मत आहे.

मशीन घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी कमलनं तिचा निकाल लावला. पुस्तकात स्पष्ट होतं — ताटातलं खरकटं नुसतं निपटून टाका, आणि ताटं तशीच आत ठेवा. नीलानं इंग्रजीतून वाचून सांगितलं. कमल म्हणाली, "म्हणजे खरकटी ताटं पेटीत बंद करून ठेवायची? दिवसभर? सगळ्यायची एकमेकाले लागून? मी असल्या पेटीतल्या ताटात जेवत नाही."

"अवं, ती धुते ना मंग!"

"धुते तं धू दे. पण आत जाईन ते भांडं स्वच्छ जाईन."

आणि तिनं तसंच सुरू केलं. प्रत्येक ताट, वाटी, पेला आधी मोरीवर राख-काथ्यानं घासायचा, विसळायचा, मग मशीनमध्ये ठेवायचा. मी कपाळावर हात मारला. सुरेश म्हणाला, "बाबा, आईनं घासलेली भांडी धुवायले तुम्ही अमेरिकेची मशीन आणली." सगळे हसले. मी चिडलो. पण हसा की चिडा, कमलच्या या हट्टामुळेच पुढचं सगळं कोडं झालं आहे. नाहीतर त्यात कोडं उरलंच नसतं.

पहिले काही आठवडे मशीननं मला रडवलं. तिकडची वीज वेगळी, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लावावा लागला; तो पेटीएवढा, आणि घूं घूं करायचा. तिचा टायमरही तिकडच्या विजेवर चालणारा, त्यामुळे आपल्याकडे तो म्हशीसारखा सावकाश फिरायचा. तिची खास पावडर नागपुरात मिळेना. मी कपड्याची पावडर घातली, तर दाराच्या रबरातून फेस बाहेर! सगळं स्वयंपाकघर फेसानं भरलं, आणि कमल खराट्यानं तो अंगणात ढकलत मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग धुण्याचा सोडा चिमूटभर घालून पाहिला, तो जमला. आमच्या नळाला विहिरीचं पाणी, त्यानं आत फिरणाऱ्या फवाऱ्याच्या पंख्याची भोकं चुन्यानं बुजायची. मी ती सेफ्टी पिननं टोकरायचो, आणि आत लिंबू-सत टाकून मशीन रिकामी फिरवायचो. ही युक्ती माझी स्वतःची, पुस्तकात नाही.

या सगळ्यात नीला माझी जोडीदार झाली. ती ओट्यावर पुस्तक टेकवून वाचायची, मी जमिनीवर पडून पाना फिरवायचो.

"बाबा, यात लिहिलंय की तळाची जाळी आठवड्यातून एकदा काढून धुवायची."

"कायले? आत कचरा जाऊनच नाही राहिला तं निघणार काय?"

"लिहिलंय तसं करू या ना."

म्हणून मी जाळी काढली. तव्याएवढी गोल, बारीक छिद्रांची. आणि तिच्या खोबणीत भेंडीचे दाणे होते. शिजलेले. पांढरे, मोत्यासारखे.

मला त्यात काही वाटलं नाही. कमल मात्र वाकून पाहत राहिली. "भेंडी? आपल्या घरी भेंडी झाली कधी? सुरेशले भेंडी चालत नाही, मी आणतच नाही."

मी म्हटलं, असेल कुठली. पण पुढच्या वेळी मोहरीचे जळके दाणे आणि कसल्याशा पालेभाजीचा दोरा निघाला. चुका, पालक, मेथी — आम्ही खातो त्यातली एकही नाही. त्याच्या पुढच्या वेळी पिवळा भात. आणि मग एका सकाळी मी जाळी उन्हात धरली, तर तिच्यात काटे होते.

माशाचे काटे.

कमल किंचाळली नाही. तिनं जाळी माझ्या हातातून घेतली, अंगणात नेली, आणि नीलाला हाक मारली. "हे काय आहे वं?"

नीलानं एक काटा उचलला. खरं म्हणजे तिनं तेव्हा गप्प राहायला पाहिजे होतं. पण लहानपणापासून जे पाहिलं ते माणूस बोलून जातं. ती म्हणाली, "आई, हा समुद्राचा मासा नाही. हा काटा बघा, टोकाला दोन फाटे आहेत. नदीतल्या, तळ्यातल्या माशाला असे असतात. आमच्याकडे हा मासा खातसुद्धा नाहीत."

"पाहा बाप्पा!" कमल माझ्याकडे वळली. "काटा पाहून मासा सांगते! आणि मी इतके दिवस म्हणून राहिली तं तुम्ही मलेच येड्यात काढता."

"आई, मी कुठून आणणार मासा? मी घराबाहेर जाते तरी कधी?"

"ते तुले माहीत. माह्या ओट्याले आता हात लावायचा नाही. सुरेशचं ताट मी वाढीन, तुहं तू बाहेर घे."

त्या दिवसापासून नीला स्वयंपाकघराच्या दाराबाहेर जेवू लागली. सुरेशनं तीन-चार दिवस पाहिलं आणि मग दुकानातच येऊन मला म्हणाला, "बाबा, मी खोली पाहून राहिलो. बँकेजवळ. आईचं मन जेव्हा होईन तेव्हा होईन, पण मी तिले उंबऱ्याबाहेर जेवताना पाहू शकत नाही."

मी म्हटलं, "घर बांधलं मी, चार माणसं त्यात राहावी म्हणून. खोली पाहशील तं तंगडी मोडीन!" तंगडी मोडणं माझ्या हातात नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली.

आता मी विचार केला. नीला चोरून मासा खाते यावर माझा विश्वास बसत नव्हता. ती चांगली आहे म्हणून नव्हे. मी गिऱ्हाईक ओळखतो, चांगलं दिसणारं गिऱ्हाईकही वाटी पिशवीत टाकतं. माझा मुद्दा सरळ होता. जो चोरून खाईल तो काटे अंगणापलीकडे फेकेल. जी मशीन सासू-सासरे रोज उघडून पाहतात तिच्यातच तो आपलं ताट धुवायला कशाला टाकेल? आणि दुसरं — मशीनमध्ये जाणारं प्रत्येक भांडं कमल स्वतः घासत होती. माशाचा काटा तर सोडाच, भाताचं शीतही तिच्या हातून सुटत नाही. मी तिला हे सांगितलं.

"म्हणजे मी नीट घासत नाही म्हणता?"

"अवं, उलट! तू नीट घासतेस म्हणूनच..."

"मंग तिनं मागाहून टाकलं असंन."

वाद संपला. कमलशी घासाघीस करणं हे इतवारीतल्या कोणत्याही व्यापाऱ्यापेक्षा अवघड आहे.

मग मी तपासणी सुरू केली. पाइप पाहिला. मशीनची नळी त्यालाच जोडलेली, आणि तो फक्त आमच्या नालीत पडतो, शेजाऱ्यांचा कोणाचाही पाइप त्याला जोडलेला नाही. मी स्वतः खणून पाहिलं. पाणी उलटं येतं का, म्हणून पाइपाच्या तोंडाला दुहेरी मलमल बांधली. मलमल स्वच्छ, जाळीत भेंडी. नळाला फडकं बांधलं. फडक्यात चुना, जाळीत काटे. मशीन आडवी पाडून तळाचा पत्रा काढला, पाणी ओढणारा पंप उघडला, प्रत्येक नळी फुंकून पाहिली. आत उंदीर नाही, पाल नाही, जुनं सडकं काही नाही. नळ्या इतक्या चकचकीत की त्या बाबतीत डॉक्टर खरं बोलले होते असं मला मानावं लागलं — मशीन वापरलेली नव्हती.

तरी मी डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं, त्यांच्याकडे अमेरिकेत कोणी मासे खाणारं असेल, काहीतरी आत राहिलं असेल.

"शेठजी, आम्ही कट्टर शाकाहारी आहोत. आणि मशीन सीलबंद होती. पालीची हाडं असतील ती."

"साहेब, पालीच्या हाडांबरोबर पिवळा भातही निघते."

"मग तुमच्याच घरात कोणीतरी..." असं म्हणून ते सूचक हसले. नीलाविषयी गल्लीत कुजबुज पोहोचली होती, हे मला त्या हसण्यावरून कळलं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "रविवारी दुपारच्याला या. तुमच्या डोळ्यासमोर मशीन चालवतो. काही निघालं तं मशीन तुमची तुम्ही घेऊन जा. नाही निघालं तं मी सगळ्या गल्लीसमोर कान धरीन."

खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात सौदा उलटवण्याचाच विचार जास्त होता. पण घरी येताना वाटलं, यातून पोरीचंही नाव साफ होईल. किंवा कायमचं बुडेल. जाळीत काहीच निघालं नाही, तर कमल म्हणेल — पाहिलं, पहारा असला की काटे येत नाहीत.

रविवारी मी दुकानातून नवी कोरी स्टीलची ताटं आणि वाट्या आणल्या. गठ्ठा फोडलेला नव्हता. प्रत्येक ताटावर कारखान्याची कागदी चिठ्ठी चिकटलेली. ज्या ताटात अजून कोणी जेवलंच नाही, त्यातून कुणाचं खरकटं निघणार? ही कल्पना मला इतकी आवडली की मी दोनदा सगळ्यांना समजावून सांगितली. सुरेश म्हणाला, "कळलं बाबा, चालू करा."

डॉक्टर स्वतःचा टॉर्च घेऊन आले होते. त्यांनी जाळी पाहिली, खोबण पाहिली, आत डोकं घालून पाहिलं. मी जाळी बसवली. ताटं डॉक्टरांनीच रचली — माझा हात लागायला नको म्हणून मी मागे सरलो, हे विशेष लक्षात घ्या. दार लावलं. भर दुपारी, उजेडात, आम्ही पाचही जण मशीनसमोर बसलो. कमल पाटावर, नीला दाराबाहेर तिच्या नेहमीच्या जागेवर. कमलनं तिला आत बोलावलं नाही, आणि मीही काही बोललो नाही. वाटलं, ती मशीनपासून जितकी लांब तितकं तिच्या फायद्याचं.

टायमर सावकाश टिक टिक करत होता. ट्रान्सफॉर्मर घूं घूं. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. कमलनं त्यांना चहा दिला. मशीननं पाणी सोडलं, पुन्हा घेतलं, गरम झाली. अंगणातल्या नालीत वाफाळलेलं पाणी पडताना आम्हाला ऐकू येत होतं. मग खट् करून थांबली.

दार डॉक्टरांनी उघडलं. जाळीही त्यांनीच काढली.

जाळीत ताटांवरच्या चिठ्ठ्यांचा लगदा होता, तो असणारच होता. त्या लगद्यावर थोडा पिवळा भात. दोन-तीन दुफाटी काटे. आणि शेवग्याच्या शेंगेची चोथा झालेली काडी. चावून रस काढून टाकलेली — आपण ताटाच्या कडेला ठेवतो ना, तशी. तिच्यावर दातांच्या खुणा स्पष्ट होत्या.

डॉक्टरांनी टॉर्च त्या काडीवर धरला होता. भर दुपारी त्याची काही गरज नव्हती.

मग ते म्हणाले, "व्वा शेठजी. चांगली जादू केली."

"काय म्हणता?"

"मशीन परत द्यायची म्हणून एवढा खटाटोप! सरळ सांगायचं होतं."

"ताटं तुम्ही लावली! दार तुम्ही उघडलं! जाळी तुमच्या हातात आहे!" मी ओरडलो. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "माह्या घरात बसून मले चोर म्हणता?"

डॉक्टरांनी जाळी ओट्यावर ठेवली, हात धुतले, आणि निघून गेले. मशीन अर्थातच नेली नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं — शेठ हातचलाखी करतो.

मी अंगणात उभा होतो. मागे वळून पाहिलं, तर कमल अजून पाटावरच बसलेली. ती त्या शेंगेच्या काडीकडे पाहत होती. मग तिनं मान वर केली आणि दाराकडे पाहिलं.

"नीला, उंबऱ्यात काहून बसली वं? कढी करायची आहे. ताक तिकडं आहे, फोडणी तू दे. माह्यानं आज उभं राहवत नाही."

एवढंच. चुकलं वगैरे शब्द कमलच्या तोंडात कधी आले नाहीत, तेव्हाही आले नाहीत. नीला आत आली. तिनं कढीत गूळ घातला, रत्नागिरीकडे घालतात तसा. कमलनं तोंड वाकडं केलं, पण दुसरी वाटी घेतली. सुरेशनं खोलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

यापुढचा भाग कोणी मानणार नाही, पण लिहितो.

जाळीत येणं थांबलं नाही. आणि हळूहळू आमच्या घरात कोणाला त्याची भीती वाटेनाशी झाली. उत्सुकता वाटू लागली. जाळी काढायचा दिवस आला की कमल आणि नीला दोघी डाळिंबाखाली बसायच्या, जाळी थाळीत उलटी करायच्या, आणि काडीनं एकेक गोष्ट वेगळी करून पाहायच्या. जणू शेजारणीच्या घरात डोकावत आहेत.

"आज काटे नाहीत. उपास असंन."

"आई, हे बघा, साबुदाणा!"

"मंग मी काय म्हणत होती."

त्यांनी त्या घराचा सगळा संसार बांधला होता. त्या घरी एक म्हातारं माणूस आहे, कारण काही शेंगा अर्धवट चावलेल्या निघतात. त्या घरची बाई भात नेहमी थोडा जास्त शिजवते. एकदा भर थंडीत, आम्ही स्वेटर घालून बसलो असताना, जाळीत आंब्याच्या कोयीचे केस निघाले. पिवळे, ताजे, वास येणारे. मी ते हातात घेऊन हुंगले. कमल म्हणाली, "त्याहिच्याकडे उन्हाळा आहे." जसं काही त्यात विशेष नाहीच.

मला ते सहन होत नव्हतं. माणूस म्हणजे कुठेतरी असायला पाहिजे, घर म्हणजे त्याला गल्ली पाहिजे, पाइप पाहिजे. सुरेशनं नकाशे आणून, माशा-भाताचा, कोणत्या प्रांतात कधी आंबा पिकतो त्याचा हिशेब मांडला. जमला नाही. एका कॉलेजातले प्राध्यापक येऊन बघून गेले. त्यांनी पाइपाची शंका घेतली. मी त्यांना पाइप दाखवला. मग त्यांनी विषय बदलला.

पुढे एक वेळ अशी आली की बरेच दिवस जाळी साफ निघत होती. कमल अस्वस्थ. "म्हातारं गेलं असंन," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं गोड केलं नाही. मग पुन्हा भात येऊ लागला — पण अगदी मऊ, गुरगुट्या, त्याला हिंगाचा वास. नीलानं तो बोटावर घेऊन चोळला. ती स्वतः तेव्हा पोटुशी होती. म्हणाली, "आई, हा बाळाचा भात आहे." कमलनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. सुनेच्या पाठीवरून हात फिरवताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

काही वर्षांनी मशीनची मोटर जळली. तशी मोटर इकडे मिळेना. मी जळक्या तारेची नव्यानं गुंडाळी करून घ्यायचा प्रयत्न केला, ती दोन वेळा फिरली आणि पुन्हा जळली. एक भंगारवाला आला. पत्रा चांगला, आतली तांब्याची तार चांगली. मी माझा भाव सांगितला आणि घासाघिशीला तयार होऊन बसलो, तर तो लगेच हो म्हणाला! आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझा पहिला आकडा मान्य केला. मी मशीनला हात घातला, आणि स्वयंपाकघराच्या दारात सासू-सून दोघी येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला खांदा लावून.

"कुठं नेता?" कमल म्हणाली.

"भंगारात. मेली आहे ती."

"असू दे मेली. न्यायची नाही."

"बाबा, राहू द्या ना," नीला म्हणाली.

"अवं, कायले राहू द्यायची? जागा अडवते, काम करत नाही!"

कमलनं माझ्याकडे असं पाहिलं की इतवारीत असं पाहणाऱ्या गिऱ्हाइकापुढे मी लगेच गठ्ठा बांधायला घेतो. "आणि त्याहिचं खरकटं मंग कुठं जाईन?"

भंगारवाला माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी त्याला हातानंच जायला सांगितलं.

मशीन अजून त्याच जागी आहे. पाण्याची नळी काढलेली, वायर गुंडाळलेली, वरती नीलाचं मसाल्याचं सामान. तिच्यात पाण्याचा थेंब जात नाही. तरी त्या दोघी अधूनमधून दार उघडून जाळी काढतात आणि अंगणात नेतात. काय निघतं ते मी एकदा विचारलं. कमल म्हणाली, "तुमच्या कामाचं नाही." नीला हसली.

डॉक्टर रस्त्यात भेटले की अजून म्हणतात, "काय शेठ, नवीन जादू?" मी पाइप तपासला आहे, नळ तपासला आहे, पंप उघडला आहे, नव्या ताटांवर प्रयोग केला आहे, आणि जाळी माझ्या हातात नव्हती. यापलीकडचं काही कोणाला सुचत असेल तर घरी या, मी ऐकून घेईन. मला उत्तर सापडलेलं नाही. पण पाइपाचं नाव काढाल, तर चहासुद्धा मिळणार नाही.